डॉक्टरांनी पास केलेला करडा

आठवडाभर आभाळ असं बसून राहिलं होतं, जसं कुणी ओली घोंगडी गावावर वाळत टाकली आणि काढायची विसरून गेलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता दमट गारठा. रंगखान्याला असल्या हवेचा भारी राग. कापड वाळत नाही ही एक पीडा झाली, पण खरी पीडा वेगळीच. आभाळ आलं की उजेड मरतो, उजेड मेला की नमुना पास होत नाही, आणि नमुना पास झाला नाही तर रंगाचा हांडा पेटत नाही. मग सगळे बाप्ये हात बगलेत घालून भिंतीला टेकणार, आणि मालकाच्या कपाळावर आठ्यांचा गुंता.

नमुने पास करणारी ती मात्र रोजच्यासारखी साडेसहालाच आली. स्वेटरवर एप्रन चढवला. नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात साबणाचे थेंब सोडले, फेस किती टिकतो ते बघून पाण्याच्या जडपणाचा आकडा वहीत लिहिला. कालच्या नळ्या विसळल्या. सुपारीएवढ्या तुकड्यांचे पाच छोटे नमुने भिजत घातले. पुडीतली भुकटी तोलताना श्वास धरायचा, नाही तर फुंकरीनं निम्मा रंग नाकात जातो. हे सगळं तिचे हात आपापलं करत होते. त्या हातांची नखं बारा महिने तेरा काळ कुठल्या ना कुठल्या रंगाची. त्या आठवड्यात ती शेवाळी होती.

"डॉक्टर, गुडघ्यावर काही द्या की," दारातून हांडेवाला म्हणाला. हा म्हातारा तिच्या बापाच्या वेळचा, मोठ्या हांड्यावर चाळीस वर्षं काठी फिरवत आलेला. हा विनोद तो रोज करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा तिनं सरळपणे समजावलं होतं, की बाबा, मी औषधाची डॉक्टर नव्हे, रसायनाची, त्यातही रंगाची. त्यावर तो म्हणाला होता, मग गुडघ्याला रंगच लावा, दुखणं नाही गेलं तरी शोभा येईल. तेव्हापासून अख्खा रंगखाना तिला डॉक्टर म्हणे. तिच्या नावापुढची ती पदवी एवढी तोंडभरून कॉलेजातसुद्धा कुणी वापरली नव्हती.

तिचा बाप रंगारी. त्याला सहीपुरती अक्षरं येत, पण डोळा असा की दोन काळ्या दोऱ्यांतला कुठला निळ्याकडे झुकतोय ते लांबून सांगायचा. या माणसानं घरात एकच कायदा केला होता. शिकलात तर सुटलात, नाही तर हांडा आहेच. हांडा म्हणजे घरातली शिक्षा. पोरं ऐकेनात की इतर घरांत बागुलबुवा येई, यांच्या घरात हांडा यायचा. धाकटा भाऊ शाळेच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटला, तेव्हा बापानं दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवलं, हातात काठी दिली आणि वाफेत नेऊन उभा केला. आई दाराआड रडली. आणि मोठी पोर जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा त्याच बापानं गल्लीभर गोड वाटलं.

तिथून ती उदाहरण झाली. गल्लीतल्या पोरांना मार बसायचा तो तिच्या नावानं. बघ जरा तिच्याकडे, आणि पाठीत धपाटा. तिच्यामुळे किती पाठी लाल झाल्या याची गणती नाही. ती शिकत गेली. एक पदवी झाली, दुसरी झाली, मग प्रबंध. लग्नाचं वय प्रबंधात गेलं आणि प्रबंधाचं वय नोकरी शोधण्यात. तीन कॉलेजांत ती तासावर शिकवायची, म्हणजे तास झाला तर पगार, पोरं सहलीला गेली तर ठणठणाट. कायमची जागा यंदा निघणार, पुढल्या वर्षी नक्की, असं बारा वर्षं चाललं. तेराव्या वर्षी जागा निघाली आणि वयाची अट तिच्या अलीकडेच येऊन थांबली. मग ती कारखान्यांत अर्ज घेऊन फिरली. तिथं म्हणाले, बाई, तुम्ही फार शिकलात, आम्हाला एवढं नको. कॉलेजात कमी पडली, कारखान्यात जास्त झाली. मापात कुठेच बसली नाही.

शेवटी बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, नमुने बघायला माणूस हवं झालं, आणि ती एकेचाळिसाव्या वर्षी तिथंच आली जिथून सुटायला ती निघाली होती. बाप पुढे दोन वर्षांनी गेला. जाईपर्यंत तो तिच्याशी नीट बोलला नाही. राग नव्हता, लाजच होती. आपण पोरीला जे सांगितलं ते खोटं निघालं, याची लाज.

आणि शिक्षा झालेला भाऊ? तो आता मालक होता. वाफेत उभा राहून राहून त्याला हांडा समजला, मग माणसं समजली, मग गिऱ्हाईक. जुन्या शेडमागे त्यानं सुकवणीचं यंत्र आणलं आणि रस्त्यापलीकडे दुसरी इमारत चढवली. बहिणीवर त्याचा जीव होता, नाही असं नाही. त्यानं तिची पदवी चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागे लावली होती. मोठं गिऱ्हाईक आलं की हाक मारायचा, जरा आमच्या डॉक्टरांना बोलवा. ती पांढरा एप्रन घालून यायची, चार शब्द बोलायची आणि जायची. पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशा असतात, तशी. पाहुणे गेले की विसळून पुन्हा कपाटात.

तरी तिला एक टेबल होतं. पुढच्या दारालगतची अंधारी खोली, त्यात ते टेबल, तराजू, नळ्या आणि नमुन्यांची वही. त्या वहीत तिनं पास लिहिल्याशिवाय हांड्याखाली जाळ लागत नसे. दिवसाकाठी एवढी एक गोष्ट अशी होती, की ज्यासाठी चार माणसं तिच्या तोंडाकडे बघत थांबायची. बाकी तिचं म्हणावं असं जगात काही उरलं नव्हतं.

महिन्यापूर्वी भावजय तिला नवी इमारत दाखवायला घेऊन गेली. वरच्या मजल्यावर उत्तरेकडे ही मोठी खिडकी, खाली गुळगुळीत लांब टेबल. हे आपल्या चिंगीचं, भावजय म्हणाली, उजेडासाठी मुद्दाम उत्तर धरली. तिनं विचारलं, आणि माझं? भावजय मनानं चांगली बाई. ती हसून म्हणाली, तुम्ही किती दिवस राबणार ताई आता, आराम करा की जरा. ज्या आवाजात जुन्या शिलाई मशिनीवर चादर घालतात, त्या आवाजात.

चिंगी म्हणजे भावाची एकुलती. सतरा वर्षांची, किडकिडीत, केस कायम डोळ्यांवर. शाळेत पहिली. परीक्षा संपल्यावर तीन महिने ती रंगखान्यात हुंदडली आणि एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्या रंगाऱ्याचा डोळा एक पिढी ओलांडून पोरीत उतरलाय. वजन न करता चिमटीनं रंग टाकायची आणि बरोबर जुळवायची. त्याच सुमारास मोठ्या शहरातल्या विद्यापीठातून तिला पत्र आलं, की जागा मिळाली आहे, अमुक तारखेच्या आत प्रवेश घ्यावा.

त्या रात्री जेवताना विषय निघाला. चिंगीला जायचंही होतं आणि राहायचंही. भाऊ मीठ पुढे सरकवत म्हणाला, "चार वर्षं शिकलीस तर आत्यासारखी होशील, चार वर्षं इथं राहिलीस तर माझ्यासारखी. आता तूच ठरव." त्यात कुजकेपणा नव्हता. आज हवा गार आहे म्हणावं, तसं तो म्हणाला. मग बहिणीकडे वळून, ताई, तूच सांग, खोटं बोलतोय का मी?

ती म्हणाली, "शिकू दे तिला."

"तू तेच म्हणणार. टेबल वाचतंय ना तुझं."

सगळे हसले. चिंगी हसली, भावजय हसली, ती स्वतःही हसली. पण ते वाक्य तिला बोचलं. कारण ते खरं होतं, आणि खोटंही होतं. पोरीनं शिकावं असं तिला मनापासून वाटत होतं. पोर गेली तर आपलं टेबल राहील, हेही तितकंच मनापासून. दोन धागे एकाच हांड्यातून रंगून निघाले, की मग कुठला कुठे जातो ते सांगता येत नाही. आणि घरात आता तिचा शब्द चालणार नव्हता. उदाहरणाला कुणी सल्ला विचारत नाही, त्याच्याकडे नुसतं बोट दाखवतात.

तर आता ती आभाळाची सकाळ. त्या दिवशी करड्या रंगाचा नमुना पास व्हायचा होता. गणवेश शिवणारा एक मोठा व्यापारी भावानं प्रथमच गाठला होता. दागिन्यांच्या एका टोलेजंग दुकानातल्या नोकरांचे गणवेश करायचे होते. कोटाचं कापड दुसऱ्या गिरणीतून रंगून आलेलं, त्याला जुळेल असं विजारींचं कापड इथं रंगवायचं. आजवर रंगखान्यात चादरी, पडदे, पोत्याचं कापड असला सुटा माल. दुसऱ्याच्या रंगाला आपला रंग लावायची वेळ पहिलीच. भावानं हा नमुना चिंगीला करायला दिला होता, आणि का दिला ते सगळ्यांना कळत होतं.

म्हाताऱ्या रंगाऱ्याचे दोन नियम त्याच्या पश्चातही पाळले जात. पहिला, रंग करेल त्यानं तो पास करायचा नाही, दुसऱ्या डोळ्यानं करायचा. दुसरा, पास करायचा तो दाराशी, सकाळच्या उजेडात, दिव्याखाली कधीच नाही. दिवा खोटारडा असतो, असं तो म्हणे. दिव्यानं रंग फिरतो हे इथं शेंबडं पोरही जाणे. पण फिरेल तर सगळेच सारखे फिरतील, त्यात काय एवढं, अशी समजूत. चादरीवर ती समजूत साठ वर्षं खपून गेली.

नऊच्या सुमाराला आभाळ थोडं विरलं. चिंगीनं उंबऱ्यावर दोन तुकडे शेजारी धरले, एक गिरणीचा, एक तिचा. हांडेवाल्यानं पाहिलं, भावानं पाहिलं, आत्यानंही पाहिलं. दोघांमधली फट नसती तर कुठला कुठे संपतो ते कळलं नसतं. हांडेवाल्याचे डोळे भरून आले. म्हातारा परत आलाय, तो म्हणाला.

तिनं विचारलं, कशातून जुळवलास? चिंगी म्हणाली निळा, तांबडा आणि पिवळा, थोडं थोडं टाकत नेलं. हे ऐकताच तिनं तुकडे पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरले. सही करून आणते म्हणाली आणि तुकडे घेऊन आत गेली.

टेबलाखाली एक लाकडी पेटी होती. आतून करडा रंग दिलेली, वरच्या बाजूला दोन तऱ्हेचे दिवे. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं ती सुताराकडून करून घेतली होती, निरनिराळ्या दिव्यांत रंग तपासायला. भाऊ म्हणाला होता, छान आहे, ठेव. पुढे कामगारांना ती जेवणाच्या डब्यांसाठी सोयीची वाटली. तिनं पेटी उघडली, आतले तीन डबे बाहेर काढले, तुकडे ठेवले आणि पिवळा दिवा लावला.

गिरणीचा करडा करडाच राहिला. चिंगीचा करडा वांग्यासारखा जांभळा झाला.

तिनं दिवा मालवला, पुन्हा लावला. जांभळाच. एका उजेडात जुळे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखही देत नाहीत. का देत नाहीत, यावर तिनं दोनशे अकरा पानं लिहिली होती. तोच तिचा प्रबंध. घरात त्याला कुणी हात लावला नव्हता, विद्यापीठातही तिघांनीच वाचला असावा, त्यातल्या एकानं मधूनमधून. आयुष्यात पहिल्यांदा तिची विद्या बाहेरून, आपल्या पायांनी चालत तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती. दागिन्यांच्या दुकानात दिवसभर पिवळे दिवे जळतात. सोनं त्याच उजेडात खुलतं.

बाहेर जाऊन सांगणं दहा मिनिटांचं काम होतं. चला, बघा सगळ्यांनी. आणि मग काय झालं असतं तेही तिला लख्ख दिसलं. भाऊ म्हणाला असता, वा ताई. आणि पुढच्याच श्वासात, चिंगे, एवढं शिकून घे आत्याकडून. आठ दिवसांत पोरगी शिकली असती. वीस वर्षांची विद्या आठ दिवसांत पुडी बांधून नव्या इमारतीत गेली असती, पोरीचं विद्यापीठ गेलं असतं आणि हिचं टेबलही. आणि न सांगितलं तर? माल परत येईल. प्रवेशाच्या तारखेला अजून पंधरा दिवस आहेत. भाऊ बघेल की नुसत्या डोळ्यानं भागत नाही. पोरगी बघेल. ठेच लागली की जाईल शहाणी होऊन. तिचं भलं होईल, आणि... त्या आणिच्या पुढे तिनं विचार नेला नाही.

तीन डबे तिनं पेटीत जसे होते तसे ठेवले. वहीत पास लिहिलं आणि सही केली. सहीआधी नेहमीप्रमाणे डॉ. लिहिलं.

दुपारपर्यंत हांडा पेटला.

माल गेला, शिवून झाला, आणि बाराव्या दिवशी व्यापारी स्वतः आला. फोन न करता आला त्यावरूनच भावानं ओळखलं. त्यानं टेबलावर एक कोट आणि एक विजार ठेवली, भावाच्या कचेरीचा पडदा ओढला आणि वरचा पिवळा दिवा लावला. मग काही बोलायची गरज राहिली नाही. तरी तो बोलला. दुकान उघडायच्या दिवशी वीस नोकर ओळीनं उभे होते म्हणे, आणि दुकानाच्या मालकानं विचारलं, ही माणसं वरून माझ्या दुकानातली दिसतात, खालून कुणाच्या दुकानातली आहेत?

भावानं चिंगीला बोलावलं, बहिणीलाही बोलावलं. चिंगीनं विजार पाहिली, कोट पाहिला, पडदा जरासा बाजूला करून पुन्हा पाहिलं. कानापर्यंत लाल झाली. पोरीच्या त्या चेहऱ्याची कल्पना तिनं केली नव्हती. बाकी सगळ्याची केली होती. काय बोलायचं तेही बारा दिवस घोकलं होतं, आणि ती बोलली. यात मुलीचा दोष नाही, तिचा डोळा सोन्याचा आहे, पण रंगाचं शास्त्र असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही, ते शिकावं लागतं. म्हणून म्हणते, तिला जाऊ दे.

भाऊ शांतपणे ऐकत होता. मग त्यानं नमुन्यांची वही मागवली, पान काढलं आणि तिच्यापुढे फिरवलं.

"ताई, ही पोर सतरा वर्षांची. तिला नाही दिसलं, मान्य. मला नाही दिसलं, मी दोनदा नापास. पण तू याच्यातलीच डॉक्टर ना? तुला का नाही दिसलं?"

तिच्याजवळ उत्तरं दोनच होती. मला कळलं नाही, हे एक. मला कळलं होतं, हे दुसरं. पहिलं म्हटलं तर सारं शिक्षण पाण्यात. दुसरं म्हटलं तर शिक्षण वर येत होतं आणि ती स्वतः बुडत होती. जन्मभर जे शिकली त्याचा एकुलता एक पुरावा हाताशी होता, आणि तो उघडा करायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि बुक्की मारणारा हातही तिचाच.

"सुटलं नजरेतून," ती म्हणाली.

भावानं चिंगीकडे पाहिलं. "बघितलंस? वीस वर्षं शिकून सुटतं. मग न शिकता सुटलं तर काय एवढं?"

व्यापारी हसला. त्याचा राग तिथंच उतरला. नवा माल पदरच्या खर्चानं करून देतो, आठ दिवसांत देतो, असं भाऊ म्हणाला आणि दोघं हातात हात देऊन उठले. व्यापाऱ्याला पोचवून भाऊ परत आला तेव्हा ती अजून तिथंच, आपल्याच चौकटीतल्या पदवीखाली उभी होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ. म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, उद्या डोळे तपासून आणू तुझे, मी येतो बरोबर. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती आपल्या खोलीत गेली आणि नव्या नमुन्याला बसली. तीन रंगांची खिचडी टाळून तिनं तयार करड्याचा पाया घेतला, वरून कणभर निळसर छटा दिली. दोन तासांत जुळला. दाराशी जुळला, पिवळ्या दिव्याखाली जुळला, ट्यूबलाइटखालीही जुळला. नियमाप्रमाणे तो दुसऱ्या डोळ्यानं पास करायचा म्हणून भावानं केला. दाराशी धरून तो म्हणाला, बघ, मनावर घेतलंस की जमतंय. हांडेवाल्यानं मान डोलावली, आणि त्या दिवशी त्यानं गुडघ्याचं काही विचारलं नाही.

नळावर नळ्या विसळत होती तेव्हा चिंगी शेजारी येऊन उभी राहिली. नळ्यांतून पडणारं पाणी बघत होती. पाणी आधी करडं जात होतं, मग फिकं, मग स्वच्छ.

"आत्या, तुझा प्रबंध मी आठवीत असताना पाहिलाय. माळ्यावर होता. समजला काही नाही. पण त्यात एका पानावर दोन करडे तुकडे चिकटवलेत, आणि पुढच्या पानावर तेच दोन, एक करडा, एक जांभळा."

तिनं नळ बंद केला नाही.

"तुला दिसलं होतं," चिंगी म्हणाली. तिनं हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"हो."

"मी शिकायला जावं म्हणून? का टेबल तुझं राहावं म्हणून?"

"दोन्ही."

चिंगीनं डोळ्यांवरचे केस मागे सारले. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. या घरातली पोरं वाफेत वाढलेली, डोळे आतल्या आत कोरडे करायचं त्यांना जमतं. म्हणाली, तू तेव्हा दारात येऊन सांगितलं असतंस ना, तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती. शिकून एवढं कळतं म्हणजे आणखी काय काय कळतं, ते बघायला गेले असते. आता मात्र नाही जात. बाबांना सांगितलं मघाशी.

ती म्हणाली, तारखेला अजून तीन दिवस आहेत. चिंगी म्हणाली, माहितीये.

"माझ्यावरून ठरवू नकोस."

"मग कुणावरून ठरवू? आपल्या घरात शिकलेलं दुसरं आहे कोण?"

शहरात लाखभर माणसं शिकतात, त्यातली कित्येक मार्गी लागतात, सुखानं नांदतात, हे तिनं सांगितलं असतं तरी ती लाखभर माणसं या नळावर येऊन उभी राहणार नव्हती. इथं एकटीच होती, आणि तिनं काय केलं ते पोरीनं पाहिलं होतं.

चिंगीनं विसळलेल्या नळ्या एकेक करून फळीवर उपड्या घातल्या. मग म्हणाली, उद्यापासून मला शिकव. पेटीतलं, वहीतलं, प्रबंधातलं सगळं. मला पदवी नको, तेवढं सांग. आणि आत्या, राखून नाही ठेवायचं.

"आणि टेबल?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"टेबल माझंच असणार आहे," चिंगी म्हणाली. फटकारून बोलली नाही, मऊपणानंही नाही. बापाची पोर.

हांड्याकडून हाक आली. नवा लॉट चढवायचा होता, रंग धरायला मीठ किती घ्यायचं विचारत होते. चिंगी आपल्या अंदाजानं सांगणार होती, तोंड उघडलंही, मग थांबली आणि आत्याकडे पाहिलं. तिनं आकडा सांगितला. चिंगी तो ओरडत हांड्याकडे पळाली.

फळीवर एक नळी राहिली होती, तळाला जांभळट डाग धरून बसलेली. तिनं ब्रश घेतला, चिमूटभर सोडा टाकला आणि नळी घासायला लागली.